पुढचे चक्र किती दातांचे?



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझा पुतण्या सायकल ढकलत अंगणात आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "काका, मले याले मोठं चक्र टाकाचं आहे. निदान चव्वेचाळीस दाताचं." पोरगा मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावाहून तुमसरला कॉलेजात जातो. बारा किलोमीटर जायचे, बारा यायचे. सायकल त्याची नव्या तऱ्हेची आहे. सव्वीस इंची चाके, जाड खाचखळग्यांचे टायर, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा, आणि मागे मात्र काही नाही, साधा ताठ सांगाडा. दुकानदार तिला 'हार्डटेल' म्हणतात. ताठ शेपटीची सायकल म्हणा हवे तर. पुढे चौतीस दातांचे एकच चक्र, मागे सात चकत्या, सर्वांत लहान चौदा दातांची आणि सर्वांत मोठी अठ्ठावीस दातांची.

त्याची तक्रार अशी की, सडक सरळ, सडक गुळगुळीत, मागे सर्वांत लहान चकती लावली तरी पाय भराभरा फिरतात आणि सायकल मात्र पुढे सरकत नाही. तक्रार खोटी नव्हती. तरीही मी लगेच 'हो' म्हटले नाही. त्याचे कारण अगोदर सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या अकरावीच्या एका मुलाने हाच हट्ट धरला होता. सायकल जवळपास अशीच. त्याने कुठल्याशा दुकानात चौतिसाचे चक्र काढून चव्वेचाळिसाचे बसवून घेतले. चक्र सांगाड्याला घासत होते म्हणून दुकानदाराने मधला ॲक्सल लांब घातला आणि चक्र बाहेर काढले. चेन मात्र जुनीच ठेवली. दोन दिवस पोराने मजेत सायकल दामटली. तिसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर त्याने मागची सर्वांत मोठी चकती लावली. चेन तोकडी पडली. तिने मागचा डिरेलर, म्हणजे चेनीला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा तो लोंबता भाग, पुढे ओढून वाकवला, तो आऱ्यांत गेला आणि मागचे चाक जागीच थांबले. मुलगा सडकेवर पडला. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने ब्रेक लावला म्हणून बरे. मनगट मोडले, प्रयोगाची परीक्षा बुडाली. त्या मुलाची चूक मी मानत नाही. दात मोजायला शिकवले होते मी त्याला, चेन मोजायला शिकवले नव्हते.

तेव्हा आज आपण हे मोठ्या चक्राचे प्रकरण मुळापासून पाहू.

आपल्या भागात धानाची गिरणी न पाहिलेला माणूस सापडणे कठीण. इंजिनावर मोठी पुली, यंत्रावर लहान पुली, मध्ये पट्टा. इंजिनाचा एक फेरा झाला की लहान पुलीचे तीन-चार फेरे होतात. सायकलीत पट्ट्याऐवजी चेन आहे आणि पुल्यांना दात आहेत, इतकाच फरक. पुढच्या चक्राचे दात अंशात लिहा, मागच्या चकतीचे दात छेदात लिहा. चौतीस भागिले चौदा म्हणजे जवळजवळ २.४३. पायडलचा एक पुरा फेरा झाला की मागचे चाक २.४३ फेरे घेते. सव्वीस इंची चाकाचा जाड टायरसह घेर सुमारे २.०५ मीटर धरला, तर पायाच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पाच मीटर जाते.

आपली जुनी काळी सायकल घ्या, दुधाचे कॅन आणि धानाचे पोते वाहणारी. तिच्या पुढच्या चक्राला बहुधा चव्वेचाळीस किंवा अठ्ठेचाळीस दात आणि मागच्या फ्रीव्हीलला बहुधा अठरा. चव्वेचाळीस भागिले अठरा म्हणजे २.४४. आकडा पाहिलात ना? पुतण्याच्या सायकलीच्या सर्वांत जड गिअरमध्ये आणि आजोबांच्या काळ्या सायकलीत गुणोत्तराचा फरक जवळजवळ नाहीच. चाक मोठे असल्यामुळे काळी सायकल एका फेऱ्यात थोडी अधिकच जाते, सुमारे ५.४ मीटर. सात गिअरची सायकल घेऊन पोरगा सडकेवर आजोबांच्या मागे राहतो, याचे कोडे एवढेच आहे.

शिक्षक मित्रांना इथे एक सुचवतो. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा वर्गात फळ्यावर शिकवण्यापेक्षा एखादी सायकल मैदानात न्या. पायडल खाली आले की जमिनीवर खडूची खूण करा, पायडल एक फेरा घेऊन पुन्हा खाली येईपर्यंत सायकल हळूच ढकला, दुसरी खूण करा, टेपने अंतर मोजा. मग मुलांना दात मोजायला लावा आणि चाकाचा घेर दोऱ्याने मोजायला लावा. दोन उत्तरे चार-पाच सेंटिमीटरच्या आत जुळतात. ज्या मुलाला भागाकार नकोसा वाटतो तोच मुलगा हात काळे करून दात दोनदा मोजताना मी पाहिला आहे.

साखळीची सायकल येण्यापूर्वी हा अपूर्णांक नव्हताच. १८७० च्या दशकात विलायतेत ज्या उंच चाकाच्या सायकली होत्या त्यांचे पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. एक फेरा पायाचा, एक फेरा चाकाचा. वेग हवा तर चाकच मोठे करायचे. ते पाच फुटांपर्यंत वाढले आणि तिथे माणसाची टांग संपली! मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये आजच्या धर्तीची रोलरची चेन तयार केली आणि कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन जोडलेली 'रोव्हर' सायकल आणली. तेव्हापासून चाक लहान ठेवून वेग दातांतून मिळू लागला. आपली काळी अठ्ठावीस इंची सायकल हिशेबाने अडुसष्ट इंची चाकाइतकी पल्लेदार आहे. पावणेसहा फुटांच्या चाकावर एरवी कोण चढणार होते?

आता पुतण्याचा हिशेब. मी त्याला पाटीच दिली. पायांचा वेग मिनिटाला सत्तर फेरे धरला. चौतीस दातांवर ताशी सुमारे २१ किलोमीटर होतात. बारा किलोमीटरला साडेचौतीस मिनिटे. चव्वेचाळीस दात लावले तर एका फेऱ्यात ६.४ मीटर, ताशी २७ किलोमीटर, आणि वेळ साडेसव्वीस मिनिटे. पोराचे डोळे चमकले. आठ मिनिटे वाचली!

पण पाय तेच आहेत ना? चक्र मोठे केल्याने पायात ताकद येत नाही. सपाट सडकेवर वीस किलोमीटरच्या पुढे गेलो की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि ही ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एकवीसवरून सत्तावीस म्हणजे वेग सुमारे एकोणतीस टक्के वाढला. हवेशी झगडण्याची ताकद मात्र दुपटीहून अधिक लागते. गडी धडधाकट असला तरी पाठीवर दप्तर घेऊन रोज बारा किलोमीटर दुप्पट ताकद लावणार नाही. मग होते काय, की मोठे चक्र लावलेले असते आणि पोरगा मागे एक-दोन चकत्या मोठ्या लावून पहिल्याच वेगाने चालतो. किंवा हट्टाने जड गिअर रेटतो आणि गुडघे दुखतात. सत्तरच्या जागी पाय पन्नास फेरे घेऊ लागले, प्रत्येक फेऱ्याला कळ सोसावी लागली, की समजावे चक्र पायांपेक्षा मोठे झाले.

म्हणून पहिला प्रश्न पोराला हा विचारावा: सर्वांत लहान चकतीवर पाय खरोखरच मोकळे फिरतात का, आणि रोज किती अंतर? पुतण्याचे पाय फिरत होते. म्हणजे थोडे मोठे चक्र त्याला चालणार होते. किती थोडे, ते पायांइतकेच सांगाड्याने ठरवायचे होते.

ही सायकल जन्मली डोंगरासाठी. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातल्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन टॅमलपायस डोंगराच्या मातीच्या उतारांवरून सुसाट खाली येत. त्यातून हा प्रकार निपजला. डोंगर चढायचा म्हणून पुढचे चक्र लहान. दगडमातीत चालायचे म्हणून टायर जाड. आपल्या जिल्ह्यात अंबागड-गायमुखकडचा भाग सोडला तर डोंगर कुठे आहेत? बांध्या, तलावांच्या पाळी आणि सरळ सडका. डोंगरची सायकल धानाच्या मुलखात आली, आणि आता आपण तिला सडकेची करू पाहतो आहोत.

इथेच अडचण आहे. पायडलच्या ॲक्सलपासून मागच्या चाकाकडे खालून दोन नळ्या जातात. त्या नळ्यांच्या मधून टायर फिरतो आणि उजव्या नळीच्या बाहेरून पुढचे चक्र फिरते. काळ्या सायकलीचा टायर दीड इंच, नळ्या बारीक, म्हणून चव्वेचाळीस-अठ्ठेचाळीस दातांचे चक्र सुखाने मावते. डोंगरी सायकलीचा टायर दोन इंच, त्याला चिखल चिकटला तरी फिरता यावा म्हणून नळ्या बाहेर फाकवलेल्या. जागा तीच, आणि तिच्यात टायरनेही हातपाय पसरले, नळ्यांनीही पसरले. चक्राला उरले काय? ॲक्सलजवळ नळी आत असते, मागे जाता जाता बाहेर येते. चक्र जितके मोठे तितकी त्याची मागची कड नळीच्या फाकलेल्या भागाकडे जाते.

किती जाते, हे सांगणारा एक सोपा हिशेब आहे. सायकलच्या चेनीत एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चक्राचा घेर म्हणजे दात गुणिले १२.७. घेराला दोन पायने भागले की त्रिज्या. करून पाहा, प्रत्येक दातामागे त्रिज्या दोन मिलिमीटर येते. दाताची टोके आणखी थोडी बाहेर असतात. म्हणून माझा नियम असा: दातांची दुप्पट करा, त्यात चार मिळवा, ॲक्सलच्या मध्यापासून दातांच्या टोकापर्यंत तेवढे मिलिमीटर. अडतीस दात? शहात्तर अधिक चार, ऐंशी मिलिमीटर. चव्वेचाळीस? ब्याण्णव.

मग वहीचा जाड पुठ्ठा घ्या. कंपासने त्या त्रिज्येचे अर्धे वर्तुळ कापा, कोनमापकासारखे. मध्यभागी ॲक्सलपुरती खाच ठेवा. ते अर्धवर्तुळ जुन्या चक्राला चिकटवून, त्याच पातळीत, मागच्या नळीकडे तोंड करून धरा. पुठ्ठा नळीला टेकला तर चक्रही टेकणार. टेकला नाही तर मध्ये किती फट उरते ती मोजा. मागच्या बाजूला चक्रावर चेन नसते, चेन पुढून वळसा घेते, म्हणून फक्त दातांचा विचार करायचा.

फट किती हवी? पुस्तकी माणसे तीन मिलिमीटर पुरे म्हणतात. पायडलवर उभे राहून जोर दिला की सांगाडाही वाकतो आणि चक्रही कलते, त्यासाठी ही सोय. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत पांदणीतून सायकल काढून पाहा, दातांमध्ये आणि नळीवर काळ्या मातीचा कसा लपका बसतो ते. मी चार मिलिमीटरखाली जात नाही. फट कमी राहिली तर दात नळी कापतात. आधी रंग जातो, मग खाच पडते, आणि ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात खाचेपासून तडा जायला वेळ लागत नाही. आमच्या नेहमीच्या सायकलवाल्याने हे माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितले. चक्र हातात घेऊन म्हणाला, "गुरुजी, बसते. पण घासते."

पुतण्याच्या सायकलीला आम्ही दोन पुठ्ठे लावून पाहिले. चौतिसाच्या मूळ चक्राशी सहा मिलिमीटर फट होती. छत्तिसाच्या पुठ्ठ्याला चार उरली. अडतिसाच्या पुठ्ठ्याला दोन. चव्वेचाळिसाचा पुठ्ठा कापायची गरजच पडली नाही.

"लांब ॲक्सल टाका ना मग," पोरगा म्हणाला. टाकता येतो. चौकोनी टोकाचा ॲक्सल ११३ मिलिमीटरचा काढून ११८ चा घातला तर पाच मिलिमीटर दोन्ही बाजूंना वाटून जातात आणि चक्र अडीच मिलिमीटर बाहेर येते. ज्या चक्राला एखाददुसरा मिलिमीटर कमी पडतो त्याला हा उपाय ठीक आहे. पण चक्र बाहेर गेले की चेनीची सरळ रेषा बिघडते. मागच्या सात चकत्यांच्या मधल्या चकतीसमोर पुढचे चक्र साधारण यावे, म्हणजे चेन दोन्हीकडे सारखीच तिरपी होते. चक्र आणखी बाहेर ओढले तर आतल्या मोठ्या चकतीवर चेन फार तिरकी चालते, करकरते, लवकर झिजते, आणि खड्ड्यात उडून बाहेर पडते. मोठी चकती आपण कधी लावतो? चढावर, जोर लावताना. म्हणजे नेमक्या वाईट वेळी. दुसरीकडे उलटेही असते: काही सायकलींत चक्र आतल्या बाजूने बसवलेले असते, ते बाहेरच्या बाजूने बसवले की फुकटात चार-पाच मिलिमीटर मिळतात. ॲक्सलला हात लावण्यापूर्वी ते पाहावे, आणि त्यानंतरही चेनीची रेषा मागून डोळा लावून पाहावी.

बाजारात जाण्यापूर्वी क्रँककडे नीट बघा. स्वस्त सायकलींत चक्र क्रँकला रिव्हिटने ठोकलेले असते. ते एकटे बदलत नाही, पूर्ण क्रँकच घ्यावा लागतो. चक्र बोल्टवर असेल तर बोल्ट किती आणि ते किती मोठ्या वर्तुळावर आहेत ते मोजा. चार बोल्टांच्या डोंगरी सायकलीत हे वर्तुळ पुष्कळदा १०४ मिलिमीटर व्यासाचे असते. समोरासमोरचे दोन बोल्ट मध्यापासून मध्यापर्यंत मोजले की १०४ येते, शेजारशेजारचे मोजले की साडेत्र्याहत्तर. हे दुसरे माप वर्गात पायथागोरसाने पडताळायला चांगले आहे. माप न घेता चक्र आणले की दुकानाची फेरी वाया जाते, आणि आपल्याकडे दुकान म्हणजे पुष्कळदा नागपूर.

एक मोह मात्र आवरा. घरात जुन्या सायकलीचे चव्वेचाळीस दातांचे चक्र पडलेले असते, तेच गिअरच्या सायकलीला बसवावे असे वाटते. काळ्या सायकलीची चेन जाड, तिच्या पोटातली जागा अष्टमांश इंच. गिअरच्या सायकलीची चेन अरुंद, तीन बत्तिसांश इंच. जाड दातांवर अरुंद चेन खाली बसत नाही, वरवर तरंगते आणि जोर दिला की घसरते. पाय सटकून नडगीला बसलेला पायडल ज्याने अनुभवला आहे त्याला अधिक सांगायला नको.

आता ती चेन, जिने माझ्या विद्यार्थ्याचे मनगट मोडले. चेन चक्राच्या अर्ध्या घेराला लपेटलेली असते. म्हणून पुढे जितके दात वाढवाल त्याच्या निम्म्या कड्या जास्त लागतात. दहा दात वाढले तर पाच कड्या. चेनीत आतली आणि बाहेरची कडी अशी जोडी असल्यामुळे कड्या दोन-दोननेच वाढतात, तेव्हा सहा. त्या मुलाच्या चेनीत एकही वाढवली नव्हती. लहान चकत्यांवर डिरेलरच्या लोंबत्या दांडीने आपली ढील देऊन निभावले, मोठ्या चकतीवर ढील संपली. चेन पुरेशी आहे की नाही हे बघण्याची रीत अशी: चेन डिरेलरमधून न नेता सरळ पुढच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून घाला, दोन्ही टोके ताणून जिथे जुळतात तिथून एक इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवा. त्यापेक्षा तोकडी चेन सायकलीवर चढवूच नये. हे काम पाच मिनिटांचे आहे. दुकानदार घाईत असेल तर त्याच्यासमोर उभे राहून करून घ्या, त्याला राग आला तरी चालेल.

चेन जुनी असेल तर तिची झीजही पाहा. बारा इंची फूटपट्टी चेनीच्या एका पिनेच्या मध्यावर लावा. नव्या चेनीत चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर मागच्या चकत्याही झिजल्या. झिजलेली चेन नव्या चक्रावर घालणे म्हणजे नव्या चक्राचे दात पहिल्या महिन्यात खाणे.

ज्यांच्या सायकलीला पुढे तीन चक्रे आहेत त्यांना फार सांगायचे नाही. त्यांत मोठे चक्र बहुधा बेचाळिसाचे असते. बेचाळीस आणि चौदा मिळून तिप्पट होतात, ते काळ्या सायकलीपेक्षा जडच आहे. मोठ्या चक्रावर चेन चढतच नाही, अशी त्यांची खरी तक्रार असते, आणि ती तार ताणून, तेल देऊन भागते. तरीही कोणी अठ्ठेचाळिसाचे लावले तर पुढचा डिरेलर सहा दातांचे बारा मिलिमीटर वर सरकवावा लागतो, आणि मागच्या डिरेलरला एवढी ढील आवरेल का हे पाहावे लागते. मी असे काम एकदाच केले, पुन्हा केले नाही.

पुतण्यासाठी आम्ही छत्तीस दातांचे चक्र आणले. चेनीची एक जोडी वाढवली. पाटीवरचा हिशेब आधीच झाला होता: ताशी एकवीसऐवजी बावीस किलोमीटर, आणि बारा किलोमीटरच्या सडकेवर दोन मिनिटांपेक्षाही कमी बचत. पोरगा हिरमुसला. मग मी त्याचे टायर दाबून पाहिले. अंगठा आत जात होता! टायरच्या कडेला हवेची मर्यादा छापलेली असते, ती पाहून पंपाने हवा भरली. पुढे पैसे जमल्यावर त्याने त्याच मापाचे, पण मध्ये गुळगुळीत पट्टी असलेले सडकेचे टायर घातले. पुढच्या स्प्रिंगांना बंद करायची कळ होती, ती सडकेवर बंद ठेवायला सांगितले. "चक्रापेक्षा टायरनं जास्त फरक पडला, काका," असे तो आता म्हणतो. मला ते आधीच ठाऊक होते, पण चक्र न बदलता सांगितले असते तर त्याने ऐकले नसते.

नवे चक्र बसवल्यावर पहिल्या आठवड्यात त्याचे बोल्ट पुन्हा एकदा कसावेत. आणि नळीवर चक्राच्या कडेसमोर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवावा. पट्टीवर ओरखडा उठला की चक्र लागते आहे हे रंग जाण्याआधीच कळते.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून गावाकडच्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, त्यातून पुष्कळ घरांत पहिल्यांदाच मुलीच्या नावाची सायकल आली. अशीच एक मुलगी आमच्या शाळेत होती. सायकल साधी, गिअर नसलेली, पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा. धाकट्या भावाला कॅरिअरवर बसवून ती रोज पाच किलोमीटर येई. वाटेत रेल्वेचा पूल. चढावर पाय जागीच थांबत, आणि भावाला उतरून सायकलीमागे चालावे लागे. उन्हाळ्यात समोरून वारा असला की सपाटीवरही तेच. एक दिवस तिने शाळेत विचारले, "गुरुजी, मोठं चक्र टाकलं तर सोपी जाईल का?" मोठे म्हणजे चांगले, असा सगळ्यांचाच समज असतो. तिला जे हवे होते ते नेमके उलट होते. पुढचे चक्र तसेच ठेवून मागचे अठरा दातांचे फ्रीव्हील काढले आणि वीस दातांचे लावले. छेद वाढला, अपूर्णांक लहान झाला. पायांना दहा टक्के हलके. चाक आपल्या खाचेत पाऊण सेंटिमीटरच्या आतच पुढे सरकले, चेनीला हातसुद्धा लावावा लागला नाही. काम अर्ध्या तासात झाले. वेग थोडा कमी झाला हे तिला सांगून ठेवले होते. दुसऱ्या आठवड्यात भाऊच सांगत आला की, आता पुलावर तो उतरत नाही.